माझ्या हाताला गार लागतंय

३ मार्च
शी. लेकीचा कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय. प्रोसेसर तापतो म्हणे. तापेल कसा? त्याच्या डोक्यावर मी माझ्या हाताने बांधलेलं कूलिंग आहे. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर, फ्रिजचाच गॅस, तांब्याची नळी, नळीच्या टोकाला तांब्याचा ठोकळा, तो लेकीने थेट प्रोसेसरवर बसवला. ठोकळ्यात गॅस उकळतो आणि उष्णता घेऊन पळतो. फ्रिजला जो नियम तोच इथे. आठ महिने मस्त चाललं. गेल्या आठवड्यात तर मी साफही करून दिलं. ठोकळ्याखाली राखाडी चिकट काहीतरी थापलेलं होतं, मेलेल्या पालीसारखं. साबणाने खसाखसा घासलं. तांबं आरशासारखं झालं. तरी तापतो म्हणजे कमाल आहे.
गॅस कमी असणार. दुसरं काय. उद्या तासाभरात मिटवते.

४ मार्च, दुपार
गॅस भरला. नळीवर पांढराशुभ्र बर्फ धरला. हात लावला तर बोट चिकटायची वेळ आली. स्क्रीनवर मात्र ९४ डिग्री. स्क्रीन खोटं बोलते. आमचे हे म्हणायचे, मीटर बिघडतं, हात बिघडत नाही. हे गेल्यापासून फ्रिज दुरुस्तीचं दुकान मी ह्याच हातावर चालवतेय.
लेक म्हणाली, "आई, ठोकळा गार आहे आणि प्रोसेसर गरम आहे. म्हणजे दोघांचं मध्ये कुठेतरी जमत नाहीये."
म्हटलं, जमत नाहीये ते तुझं नि माझं.
शिकलेल्यांचं हे असंच. तोंड भरून बोलतील, पाना धरता येणार नाही.

५ मार्च
तिच्या साहेबाचा फोन. साहेब कसला, आवाजालासुद्धा अजून मिशी फुटलेली नाही. लेक त्याच्यासाठी घरी बसून कार्टून फिल्म बनवते. दहा तारखेला फिल्म पोचली नाही तर घरून काम बंद, तिकडे ऑफिसात येऊन बसायचं. तिकडे म्हणजे रात्रभराच्या प्रवासावर. आमची बया आपली "हो सर, हो सर". ऐकून अंगावर काटा आला.
जाऊ दे गेली तर. मला काय. एका माणसाचा स्वयंपाक वाचेल.
तरी निश्चय: दहाच्या आत मशीन ठणठणीत करायचंच. माझ्या दुकानाच्या नावाचा प्रश्न आहे, बाकी काही नाही.

६ मार्च
लेकीने स्वतः उघडून बघितलं. "इथली पेस्ट कुठे गेली?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. मी काही खात नाही पेस्ट.
बाजारातून ट्यूब घेऊन आली. पुन्हा तेच राखाडी! वाटाण्याएवढं प्रोसेसरवर थापलं. भोवती ग्रीस फासलं, जुना फोम काढून वर नवा काळा गुंडाळला. म्हणे गार भागावर दव धरतं, ते आत झिरपायला नको. शी. बाहेर जाऊन उभी राहिले.

संध्याकाळ
स्क्रीनवर उणे बारा! लेक नाचली. मला मिठी मारली, घामट अंगाने.
मी म्हटलं, बघ, गॅस मुरायला दोन दिवस लागतातच. तिने ट्यूबचं झाकण घट्ट लावलं. स्वतःची चूक कळली असणार.

८ मार्च
गिऱ्हाइकाच्या फ्रिजमधून सडलेलं मटण निघालं. पिशवीसकट. लोक जगतात कसे?
निश्चय: लेकीशी गोड बोलायचं. पलंगावर ओला टॉवेल दिसेपर्यंत टिकला.

९ मार्च, दुपार
फिल्मचा शेवटचा तुकडा तेवढा राहिलाय. म्हणाली, "आज रात्रभर मशीन चालवते, सकाळी पाठवते. जमलं तर मला कुठे जायला नको, आई." आणि बाहेर गेली. मशीन बंद होतं. विचार केला, ऐन कामात दगा नको, एक शेवटची सर्व्हिसिंग करून टाकू.
उघडलं. देवा. तो राखाडी चिखल पार कडेपर्यंत पसरलेला. फोम दमट, कुबट. माझ्या हातची वस्तू आणि ही दशा! दुकानातून एक फ्रिज मी असा बाहेर सोडत नाही. सगळं पुसलं. कान कोरायच्या काडीने कोपरेसुद्धा. फोम कचऱ्यात. ठोकळा परत घट्ट आवळला. आता कसं, माणसांत आणल्यासारखं दिसतंय.
तिला सांगितलं नाही. सकाळी कळेलच.

१० मार्च
मशीन मेलं. धूर नाही, आवाज नाही, नुसतं टक्. आतल्या बोर्डावर पाणी. आता घरात कुठे गळती नाही, तर पाणी आलं कुठून?
लेकीने ठोकळा उचलला. लखलखीत तांब्याकडे बघत राहिली. मग कचऱ्याचा डबा उघडला, फोम बाहेर काढला.
"आई, तू पुसलंस?"
"पुसलं. घाण होती."
"अगं, उष्णता त्या घाणीतूनच ठोकळ्यात जाते. आणि पाणी अडवत होता तो हा फोम."
मी म्हटलं, बोर्डच हलका असेल. दुसरा आणू, मी आहे ना.
ती हसायला लागली. बराच वेळ हसली. मला ते हसणं काही आवडलं नाही. मग आत जाऊन साहेबाला फोन लावला. ह्या वेळी "हो सर" एकदाच म्हणाली.

१२ मार्च
बॅग भरतेय. कपडे कोंबतेय नुसते. मीच घड्या घालून दिल्या, बघवेना.
म्हटलं, कॉम्प्रेसर घेऊन जा, ठणठणीत आहे. म्हणाली, "नको आई. तिथे पंखा आहे."
पंखा! प्रोसेसरवर साधा पंखा! असल्या कंपनीचं काही खरं नाही. महिन्याभरात परत येईल. आत्ताच लिहून ठेवते.

२० एप्रिल
फोन आला. बरी आहे. पंखा चालतोय म्हणे.
महिनाअखेरीला दोन दिवस येणार आहे. "पण आई, माझ्या खोलीत कशालाही हात लावू नकोस हं." म्हटलं, मला तेवढाच उद्योग आहे का?
मग दारातून डोकावले. टेबल, कीबोर्ड, खिडकी, सगळ्यावर बोटभर धूळ. शी शी शी. फडकं हातातच होतं.
दार ओढून घेतलं.
गुडघा दुखतोय म्हणून. नाहीतर सोडलं नसतं.