सूर्य मावळायच्या आत

बाबा,

अंगणातला झेंडा सूर्य मावळायच्या आत उतरव. विद्यापीठानं मला पीएचडीच्या पगारी जागेसाठी पात्र ठरवलं, एवढ्यावरच तू वाढदिवसाला चढवतोस तसा तो आनंदानं चढवून मोकळा झालास. अरे बाबा, पात्र पुष्कळ जण ठरतात, नोकरी एकालाच मिळते. ती दुसऱ्याला दिली, दुपारी फोन आला.

झेंडा बघून शेजारच्या बोडिलकाकू केक घेऊन आल्या. मला खरं सांगवेना, घेऊन ठेवला. भूक लागली तर खा, माझ्यासाठी थांबू नकोस. मी सायकल घेऊन समुद्राकडे जातेय.

झेंडा मीच उतरवणार होते. पण तो अर्ध्यावर आला आणि आई गेली तो दिवस आठवला. पुढं हातच चालेना, म्हणून पुन्हा वर चढवलाय.

तू उतरवताना मधे थांबू नकोस.

विगा