मेघासाठी केलेला रॅम्प

३ नोव्हें., सोमवार
दिवाळीनंतरचा पहिला वर्कशॉप तास. नववीला सांगितलं: शाळेतल्याच कुणाची तरी अडचण शोधा आणि तिच्यावर वस्तू बनवा. पंखे, डस्टर, बॉटल-स्टँड, नेहमीचंच. अर्पित मात्र म्हणाला, "सर, अपनी मेघा है न. वो वर्कशॉप में आती ही नहीं. तीन सीढ़ियाँ हैं. अपन रैंप बना दें?"
मेघा त्यांच्याच वर्गातली. डावा पाय लहानपणापासून अधू, कुबडी घेऊन चालते. या तासाला लायब्ररीत बसते. मला फार बरं वाटलं. लगेच हो म्हटलं.

७ नोव्हें., शुक्रवार
पहिला रॅम्प फार उभा झाला. अर्पितने स्वतः कुबडी घेऊन चढून पाहिलं, घसरला. कुणी हसलं नाही, पुन्हा मापं घेतली. इतकी वर्षं शिकवून राहिलो, पण मुलं अशी जीव लावून काम करताना क्वचितच दिसली.
प्राचार्य मॅडमना दाखवलं. खूश. बालदिनाला उद्घाटन, मग डिसेंबरच्या प्रदर्शनात मध्यभागी. प्रदर्शनाची फीत मेघा कापणार. मॅडमनीच ठरवलं.

१४ नोव्हें., शुक्रवार
झालं उद्घाटन. सगळी शाळा गोळा. मेघा चढली, टाळ्या. मॅडम मोबाइल घेऊन, "बेटा, एक बार और चढ़ो, फोटो ठीक नहीं आया."
परत चढली. उतरली. वर्गाकडे निघून गेली. थँक्यू वगैरे काही नाही. अर्पितचं तोंड पडलं. मी म्हटलं, लाजली असेल.

१९ नोव्हें., बुधवार
मेघा या आठवड्यात आलीच नाही. तिच्या आईला फोन केला: "तबियत ठीक है सर, बस मन नहीं है."
घरी बायको, सुनंदा, ताट वाढून बसली होती. "काहून जेवून नाही राहिले?" म्हणाली.

२३ नोव्हें., रविवार
गढ्याच्या वस्तीत जाऊन आलो, मेघाच्या घरी. खाली वडिलांचं शिलाईचं दुकान, वर घर. जिना इतका अरुंद की मलाच भिंत धरावी लागली.
वडील सारखे आभार मानत होते, "आपने बच्ची के लिए इतना किया." ते गिऱ्हाइकासाठी खाली गेले तेव्हा मेघा बोलली.
"सर, सीढ़ी तो मैं रोज़ चढ़ती हूँ. अभी आप भी चढ़के आए न."
मग वर्कशॉपमध्ये काहून येत नाही, विचारलं.
"वहाँ खड़े होके काम करना पड़ता है. एक हाथ में बैसाखी, तो आरी काहे से पकड़ूँ? बैठूँ तो टेबल गले तक आती है."
मग म्हणाली, "सबने नाप लिया सर. मुझसे किसी ने पूछा नहीं."
चहा प्यायलो. गोड होता, एवढंच आठवतं. परत येताना स्कूटर हळू चालवली. वापरणाऱ्याला आधी विचारा, हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो.

२४ नोव्हें., सोमवार
अर्पितच्या गटाला सांगितलं. अर्पित म्हणाला, "मतलब अपना रैंप बेकार है?" मी नाही म्हटलं. त्याला पटलं नाही, मलाही नाही.
मॅडमकडे गेलो. एका टेबलाचे पाय कापून ते बुटकं करू द्या म्हटलं. "शाळेचं फर्निचर कापता येणार नाही. आणि रॅम्पचे फोटो तर सगळ्या पालकांना गेलेत. प्रदर्शनात फीत मेघाच कापेल, तिला तुम्ही समजवा. इतकी चांगली गोष्ट आहे, कशाला बिघडवता?"
वाईट बाई नाही. म्हणूनच भांडता येत नाही.

२७ नोव्हें., गुरुवार
मेघा आली. शाळेत, आणि तासालाही. रॅम्प सोडून पायऱ्यांनी चढली. सगळ्यांनी पाहिलं.
अर्पित टेप घेऊन पुढे झाला, "बता, नई टेबल कितनी नीची चाहिए?"
"पहले काम तो करने दो. तब पता चलेगा."
जमिनीवर सतरंजी टाकून बसली. फळी चांगल्या पायाच्या टाचेखाली दाबली, कुबडी मागे ठेवली, दोन्ही हातांनी करवत धरली. काप वाकडा गेला. दुसरी फळी मागितली. अर्पित शिकवायला वाकला, मी त्याला खुणेनंच थांबवलं. बरोबर केलं की नाही, माहीत नाही. तिचा हात कापला गेला असता तर?
संध्याकाळी मॅडमचा मेसेज: "मेघा तयार झाली ना?"
फितीबद्दल मेघाला अजून विचारलंच नाही. आज ती करवत चालवत होती, मधेच विषय काढवेना. तिने नाही म्हटलं तर मॅडमसमोर उभं राहावं लागेल. आणि केवळ माझ्याकडे पाहून हो म्हणाली तर...
मेसेजला उत्तर दिलं नाही.