गव्हाएवढा चुना

घाटंजी,
६ जानेवारी २०२५

ती. बेबीताईंस,
भावजय जयाचा स. जयभीम वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सारे जिते आहेत. फोनच करणार होती. पण मले ऐकू कमी येते म्हणून अतुल फोन मोठ्या आवाजावर ठेवते, अन् मग आमचं बोलणं शेजारीही ऐकतात. हे कोणाच्या कानावर जायचं नाही. लिहितानाही शरम वाटून राह्यली.

दिवाळीत माझं मनगट मोडलं, तेव्हापासून डॉक्टरनं कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्या. तेव्हापासूनच पोट साफ होत नाही. संडासात बसूनबसून घाम फुटते, पाय बधिर होतात. अन् आता महिनाभरापासून रक्त पडून राह्यलं. ताई, तुमचे भाऊ आतड्याच्या कॅन्सरनं गेले. मलेही तेच झालं असं वाटते.

पण खरी शरम पुढे आहे. नातीच्या वाढदिवसाले पाहुणे होते. वैष्णवीनं वांग्याची भाजी, पुऱ्या, सारं एकटीनं केलं. मी ताट सरकवलं तर अतुलनं सर्वांपुढे विचारलं, आई काहून जेवत नाही? काय सांगू? तोंडातून निघालं, तुह्या बायकोच्या तिखटानं माझं आतडं जाळलं. अतुल पाहुण्यांपुढे तिच्यावर ओरडला. दुसऱ्या दिवशी ती लेकरू घेऊन नेरले माहेरी गेली.

भाजीत काहीच नव्हतं, ताई. पण हे सांगायचं तर रक्ताचंही सांगा लागते, अन् पोटच्या पोराले हे कसं सांगू? उत्तर पत्रानंच द्या. माझी लाज वाटली तरी माया पातळ करू नका.

तुमची,
जया


राजूर,
११ जानेवारी

चि. जयास,
अ. आ. व जयभीम.

तुह्यं पत्र वाचून पह्यले हसू आलं, मंग रडू. साठी उलटली अन् नव्या नवरीसारखी लाजते! अवं बाई, साहेब असो का हमाल, सकाळी साऱ्याईले तिथंच जा लागते. इकडे आम्ही बरे आहोत. कोळशाच्या धुळीनं वाळत घातलेलं धुनं पुन्हा धुवा लागते, बाकी ठीक.

आता मले खरं सांग. मी तुले मोबाईलवर पाठवलं होतं ना, गव्हाच्या दाण्याएवढा चुना ताकात घ्या, हाडं लोखंडी होतात? तो तू गोळ्याईसंग घेऊन राह्यली का? अन् तुह्या हातचा गहू म्हणजे बोराएवढा, मले मालूम आहे! आमच्या ह्यांनीही घेतला होता. पोट गच्च झालं तसा मी बंद केला. तुले तेव्हाच कळवा लागत होतं, पण आपलाच सल्ला आपणच कसा खोटा म्हणू, म्हणून गप्प राह्यली. मलेही शरम आहेच, तुह्या एकटीची मक्तेदारी नाही.

वैष्णवीचं तर चोर सोडून संन्याशाले फाशी झालं. ते तुलेच निस्तरा लागन.

अन् रक्त पडते म्हणते अन् घरात बसते? माह्या भावानंही असंच लपवलं. मूळव्याध आहे म्हणे, चारचौघात कायले बोलू म्हणे. झाकली मूठ झाकलीच राह्यली अन् माणूस गेला. अतुलले आजच सांग अन् यवतमाळले जा. रागावून लिहिलं, पण जीव तुह्यातच अडकला आहे.

तुही,
बेबीताई


घाटंजी,
२० जानेवारी

चि. सौ. वैष्णवीस,
आशीर्वाद लिहायचं तोंड नाही, तरी अ. आ.

तुह्या भाजीत काही खोट नव्हती. मी लपूनलपून ताकात चुना घेत होती. तू एकदा नको म्हटलं होतं, म्हणून तू अंगणात गेली की घ्यायची. वरून गोळ्या. अन् उठायचा कंटाळा म्हणून पाणी कमी.

अतुलले सांगताना भिंतीकडे तोंड केलं होतं मी. त्यानं यवतमाळले नेलं. तिथली डॉक्टरीण तुह्याच वयाची. म्हणाली, आजी, गोळीही कॅल्शियम अन् चुनाही कॅल्शियम. आत ढीग लागला, मळ दगड झाला, बाहेर येताना जागा चिरली. रक्त त्याचंच असावं, पण या वयात रक्त पडलं की दुर्बिणीनं आतडं पाहा लागते. पाह्यलं तर आत मांसाचा एक लहानसा कोंब निघाला. तो चुन्यानं झाला नाही म्हणे. काढून तपासायले पाठवला आहे. पुढच्या मंगळवारी, २८ तारखेले कळन. तोवर चुना बंद, गोळी ती सांगन तेवढीच, जेवणासंग, अन् पाणी भरपूर.

काल विहारात बायांपुढे उभी राहून सांगितलं, माह्या सुनेच्या भाजीनं नाही, माह्या चुन्यानं पोट बिघडलं. एकदोघी हसल्या. हसू दे. अतुललेही तुही माफी मागायची आहे, पण त्याची त्यानं मागावी.

परत ये म्हणायचा मले हक्क नाही. लेकराचा गालगुच्चा घे. जमलं तर मनातून काढून टाकू नको.

तुही सासू,
जया


नेर,
२४ जानेवारी

ती. आईंस,
वैष्णवीचा सा. जयभीम वि. वि.

पत्र मिळालं. लेकरू मजेत आहे, आजीले विचारते.

आई, मला राग आहे, खोटं कशाला लिहू. पण एक गोष्ट तुम्हाले माहीत नाही. तुमचं मनगट मोडल्यापासून तुमचे परकर मीच धुते. डाग मला तेव्हाच दिसले होते. मी अतुलला सांगितलं नाही. सासूच्या परकराची गोष्ट नवऱ्यापुढे काढायची कशी, असं वाटलं. तुम्हालेही विचारलं नाही. त्या दिवशी पाहुण्यांपुढे तुम्ही माझ्या तिखटाचं नाव घेतलं, तेव्हा खरं काय ते मला कळत होतं. पण इतक्या माणसांत ते बोलले असते तर तुम्ही परत मान वर केली नसती. म्हणून पिशवी भरली.

इथं येऊन मात्र रागात मनात आलं, भोगा आता. हे माझ्या आईलाही सांगितलं नाही, तुम्हालेच सांगते. मग तुमचं पत्र आलं, त्यात त्या कोंबाचं वाचलं. बाबा कशानं गेले हे माहीत असूनही मी गप्प बसले. तुमची शरम एका भाजीपुरती होती. माझी मंगळवारपर्यंत झोपू देणार नाही.

सोमवारच्या बसनं निघते. मंगळवारी एकट्या अतुलबरोबर जाऊ नका. डॉक्टरीणबाईंपुढे मी तुमच्याजवळ बसन. जे तुम्हाले सांगवत नाही ते मी सांगन.

राग आहे तसा राहो, माया असू द्या.

तुमची,
वैष्णवी