दादाच्या अ‍ॅम्प्लिफायरमधले दिवे

दादा,

तुझा अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा दुरुस्तीला आलाय. सोबत चिठ्ठी आहेच: 'जुने काचेचे व्हॉल्व्ह आहेत, जपून. तुला त्यातलं काही कळत नाही.'

अकरा वर्षांपूर्वी सगळ्या वादकांसमोर तू म्हणालास, याचे कान म्हणजे नुसते दगड. त्याच आठवड्यात मी तुझ्या खोक्यात ट्रान्झिस्टरचा बोर्ड बसवला. व्हॉल्व्ह ठेवले, पण नुसते शोभेला पेटायला; आवाज सगळा बोर्डातून. तेव्हापासून तू स्टील गिटारीवर सळई फिरवतोस, डोळे मिटतोस आणि शिष्यांना सांगतोस, "ही ऊब फक्त काचेतून येते."

तुझ्या मुलीने ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, तेव्हा "हा पत्र्याचा आवाज माझ्या घरात नको" म्हणत तिला गिटारीसकट बाहेर काढलंस. मी दारातच होतो. तिच्या आणि तुझ्या खोक्यातला बोर्ड एकच, दोन्ही मीच जोडलेले. एका वाक्यात मिटलं असतं. मी तिची बॅग उचलली आणि तिला आमच्याकडे आणलं.

आज खरं लिहायला बसलो. तेवढ्यात ती चहा घेऊन आली आणि 'काका'ऐवजी चुकून 'बाबा' म्हणाली.

आता हे पत्र तुझ्याच खोक्यात, बोर्डाखाली घालून स्क्रू आवळतोय. तू आत कधी बघत नाहीस.

तुझा,
दगडी कानांचा धाकटा