बारा जणांची गाडी

१२ ऑक्टोबर ९६, शनिवार
सांगाड्यावर पत्रा चढला. कालपर्यंत नुस्त्या बरगड्या होत्या, आज गाडी दिसाय लागली. पुण्याकडच्या एका धर्मादाय दवाखान्याची हाय. अँब्युलन्स, पण बसएवढी. बघायला डॉक्टर आलेला, तो आमच्या शेडाच्या मेस्त्रीला सांगत होता, मी पत्रा धरून ऐकत होतो. म्हणाला, एस.टी. दरीत गेली की बारक्या गाड्या खेपा घालत बसतात, तोवर माणसं जातात. हिच्यात एकदम बारा आडवे, आठ बसून. आडव्यांच्या फळ्या एकावर एक, तीन मजली. फळ्या माझ्याकडं दिल्या मेस्त्रीनं. चौथी शिकलेल्याला एवढं काम. छाती फुगली.

मग डोक्यात आलं. पुण्याकडची म्हणजे इथनं, बेंगळुरातनं, हायवेनं जाणार. म्हणजे संकेश्वरावरनं. म्हणजे बायकोच्या, मालनच्या माहेराच्या फाट्यावरनं.
जेवण गेलं न्हाई.

१७ ऑक्टो., गुरु.
शेडाजवळच्या येलहंक्याच्या एस.टी.डी. बूथवरनं मालनच्या गावच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदारानं पोरगं पाठवून बोलावली. धापा टाकत आली.
"दिवाळसणाला येतासा न्हवं?"
म्हटलं, बघतो.
"बघतो न्हाई. बाबा म्हणत्यात, पहिल्या दिवाळीला जावई दिसला न्हाई तर पोरगी नांदायला धाडणार न्हाई. गावात तुमचं नाव पळपुटा पडलंय."
म्हटलं, मोठी गाडी घेऊन येतो. बारा माणसं झोपतील एवढी.
"आणि मी?"
मग हसली. दुकानात माणसं असणार, लगेच गप झाली.
लग्नाला सहा महिने होत आले. त्यातलं बरोबर राहणं पंधरवडाभर. वैशाखात तिच्या हाताला हळदीचा वास यायचा. इथं सगळ्याला ग्रीसचा वास.

२१ ऑक्टो., सोम.
आयुधपूजा झाली. वेल्डिंग मशिनला झेंडूची माळ, पान्ह्यांना कुंकू. मेस्त्री खुशीत होता म्हणून सुट्टी मागून बघितली. न्हाई म्हणाला. चूक त्याची न्हाई. मी कोल्हापूरचं गॅरेज सोडलं, हुबळी सोडली, पुण्याची कंपनी सोडली, ह्या शेडातनंही दोनदा न सांगता गेलतो. एकदा तर स्वतःच्या लग्नाला. "अब भागा तो वापस नहीं आना," त्यानं तेव्हाच सांगितलंय. आणि नोकरी न्हाई तर खोली न्हाई. खोली न्हाई तर मालनला कुठं ठेवू.

एकच वाट हाय. नवी गाडी पोचवायला ड्रायव्हरबरोबर शेडातला एक माणूस जातो, रस्त्यात काही ढिलं झालं तर आवळायला. पोचवून परत येताना चार दिवस सुट्टी. पण कोण जाणार ते ठरलेलं असतं: ज्याच्या कामावर मेस्त्रीचा भरवसा नसतो, तो. ज्यानं बिघडवलं त्यानंच उन्हात रस्त्यावर निस्तरावं, असा त्याचा कायदा.
माझ्या फळ्या बघून आज पाठीवर थाप मारली. कपाळ माझं.

२६ ऑक्टो., शनि.
बाराही फळ्या बसल्या. प्रत्येकीवर स्वतः आडवा होऊन बघितलं. पट्टा छातीवरनं, पट्टा गुडघ्यावरनं. मधल्या मजल्यावर पडलं की वरची फळी नाकासमोर येते. इथं कोण कोण पडेल, काय काय झालेलं असेल त्यांचं. कण्हत असतील. घरच्यांना अजून कळलेलं नसेल.
मला तर काहीच झालेलं न्हाई. तरी तिथनं उठू वाटेना.

२९ ऑक्टो., मंगळ.
उजवीकडची मधली फळी. मागच्या ब्रॅकेटचा नट. अर्धा फेरा ढिला केला.
पडायचं न्हाई. नुस्तं वाजंल. वाजलं की मेस्त्रीच्या कानावर जाईल, मेस्त्री मला पाठवील, निघाल्या निघाल्या मीच आवळीन. कुणाचं काय जातंय?
जेवणाच्या सुट्टीत केलं. डबा तसाच परत.

३० ऑक्टो., बुध.
आज जे झालं ते नीट लिहितो.
शेडात चहा आणणारी अक्का. आपलीच, मराठी, पण तिच्या आज्याच्या आधीपासनं बेंगळुरात. जाडजूड बाई, दम लागतो. चहा देऊन गाडीत डोकावली आणि खालच्या फळीवर आडवीच झाली. "काय रे तम्मा, भावा, मला पण ने की हॉस्पिटलात. तिथं तरी कोण तर चा देईल मला." सगळे हसले. दारांचं काम करणारा सेल्वम, तो अंगानं तसलाच, म्हणाला अक्का जाती तो मैं भी, आणि चढला वर. उजवीकडची मधली. माझी ती.
अक्का खालनं म्हणते, "अय्यो, हा वरनं पडला तर माझी चपाती होईल रे!"
मी ओरडलो. उतर, उतर! काय ओरडलो, कुठल्या भाषेत, आठवत न्हाई. सगळे बघाय लागले. म्हटलं, रंग ओला हाय.
रंग परवाच वाळलाय.
सेल्वम उतरला. अक्काला हात देऊन उठवली. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. "सरी सरी, बरं. स्वल्प चा घे, घाम आलाय तुला."
माणसं गेल्यावर नट आवळला. वर लॉकनट चढवला, म्हणजे पुन्हा ढिला व्हायचा न्हाई. मग बाराही फळ्यांना चढवले. दोनदा पान्हा सटकला.

३ नोव्हें., रवि.
रविवार असून गाडी चालवून बघितली. फळ्यांवर वाळूची पोती बांधली, दोड्डबळ्ळापूर रस्त्याला जिथं सगळ्यात जास्त खड्डे तिथं मुद्दाम नेली. मेस्त्री डोळे मिटून मधे उभा, कान टवकारून. माझ्या फळ्या मुक्या. आणि सेल्वमचं मागचं दार भजनातल्या झांजेसारखं.
"सेल्वम जाएगा," मेस्त्री म्हणाला.
सेल्वम म्हणतो, "मेरेको उधर क्या काम? दिवाली मेरा भी है."
मेस्त्रीजवळ गेलो. सगळं सांगितलं, बायको, सासरा, दिवाळसण. लाज सोडून. ऐकून घेतलं त्यानं. म्हणाला, उद्याच दुसरी चेसिस येते, तसलीच गाडी, फळ्या तुझ्याशिवाय कोण करणार. "अच्छा काम वाला इधर मंगता. दिवाली के बाद जाओ ना, आराम से."
दिवाळी झाल्यावर दिवाळसण. ह्याला काय सांगायचं.
रागानं बोल्ट भरलेला डबा लाथाडला. मग वेचत बसलो.

५ नोव्हें., मंगळ.
मालनला फोन. खरं ते सांगितलं, की बहुतेक जमत न्हाई. नटाचं पण सांगितलं. मला वाटलं, भिईल.
ती एवढंच म्हणाली, "आवळला न्हवं?"
म्हटलं, आवळला.
"मग झालं." आणि मग, "नोकरी सोडून आलासा तर बाबा धाडणार न्हाईत. न्हाई आलासा तरी धाडणार न्हाईत."
आणि तुझं काय, म्हटलं.
"माझं काय? गाडी कवा जाणार फाट्यावरनं?"
म्हटलं, शुक्रवारी सकाळच्या पारी.
"मी उभी राहणार. तुम्ही केल्याली गाडी तर बघीन."
फोन ठेवल्यावर बूथवाला दोनदा म्हणाला, आगे बढो. मला काय सुधरंना.

७ नोव्हें., गुरु. नेलमंगला
गाडी निघाली. गणपतीच्या देवळासमोर चाकांखाली लिंबं ठेवून चिरडली. अक्कानं गाडीला ओवाळलं आणि म्हणाली, "देवा, ही गाडी रिकामीच फिरू दे." बरोबर बोलली. मी तेवढं मनात आणलं नव्हतं.
मेस्त्रीनं मला नेलमंगल्यापर्यंत बसवलंय. भरल्या डिझेलवर हायवेच्या वेगात फळ्या कशा राहतात ते बघायचं आणि तिथनं बसनं परत. दुपारी शेडात हजर. "परत येशील ना?" असं त्यानं विचारलं न्हाई. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

फळ्या वाजल्या न्हाईत.

ड्रायव्हर समोरच्या हॉटेलात इडली खातोय. परतीची बस पलीकडं उभी हाय, कंडक्टर बेंगळुराच्या स्टँडच्या नावानं मॅजेस्टिक मॅजेस्टिक करतोय. सेल्वमला माझं माहीत झालंय. म्हणतो, "तू बैठ, मैं उतरता. मेस्त्री को मैं बोलूंगा, दरवाजा तू ठीक किया." मेस्त्री काय खुळा हाय? दोघांची नोकरी जाईल. सेल्वमला दोन पोरी हायत.
आणि मी गेलो, तर फाट्यावर ती उभी असेल आणि गाडी थांबेल, आणि मी उतरेन. परत पळून आलेला. बाबा दारात असतील.
आणि न्हाई गेलो तर गाडी थांबणार न्हाई. ती बघंल. एवढी मोठी पांढरी गाडी, लाल पट्ट्याची. काचा दुधी, आतलं बाहेरनं दिसत न्हाई. मी आत हाय का न्हाई, तिला कळणार पण न्हाई. हात करंल.

सेल्वम म्हणतो, "जल्दी बोल. चढता क्या उतरता?"
लिहून झालं की सांगतो म्हटलं. म्हणून लिहितोय. ड्रायव्हर हात धुतोय. मॅजेस्टिकची बस चालू झाली, अजून हलली न्हाई. गाडीच्या सावलीला एक कुत्रं येऊन चाकापुढं झोपलंय. ते उठेस्तवर तरी गाडी हलत न्हाई.