टॅपेट सेट केले

८ फेब्रुवारी
जब्बारभाईची गाडी काल फुलंब्रीच्या पुढं बंद पडली. म्हणजे माझीच जुनी, ऑक्टोबरात त्याला विकलेली. सिल्लोडहून आईला डोळे तपासायला आणत होता. मागं ती, पुढं टाकीवर मक्याचं पोतं. कॉम्प्रेशनच नाही. किक हातानं दाबली तरी खाली जाते. टेम्पोत घालून आणली. आई तोवर तासभर उन्हात.
कॉलेजच्या लॅबमध्ये व्हर्नियर मोजून कपाटात ठेवता ठेवता सांगत होता. (बारा वर्षं झाली आम्हाला एका लॅबमध्ये, मी शिकवायला, तो सहायक.) "सर, गाडीचा काय दोष नाय. अम्मीनंच हट्टानं पोतं घेतलं. लई बोललो तिला."
इंजिनचं हेड मी उघडून देतो म्हणालो. लगेच म्हणालो. इतक्या लगेच का?

९ फेब्रुवारी
ऑक्टोबरची पानं काढली. "टॅपेट सेट केले. गाडी गप." एवढंच. वॉल्वची फट किती ठेवली ते नाही. मी दूधवाला उशिरा आला तेही लिहितो.
आठवतंय मात्र. जब्बारभाई घेण्याआधी गाडी ऐकायला येणार होता. टकटक नको म्हणून फट मोजायचं फिलर गेज न लावता दोन्ही स्क्रू आवळले, आवाज जाईपर्यंत. फट उरली नसणार. फट नसली की इंजिन तापल्यावर वॉल्व पुरता बसत नाही, आणि धूर सोडणारा, एक्झॉस्टचा, जळतो. दरवर्षी वर्गात उष्णतेनं होणारं प्रसरण शिकवतो मी.
अजून हेड उघडलेलं नाही. कारण दुसरंही असू शकतं.

१२ फेब्रुवारी
दुसरं नाही. एक्झॉस्ट वॉल्वच्या काठाला नखाएवढा तुकडा गायब. तो बसतो ती सीटही खाल्लेली.
ज. शेजारी उकिडवा बसलेला. "पोत्याच्या वजनानं व्हय?"
"बघू," म्हणालो. काय बघायचं राहिलं होतं?

१४ फेब्रुवारी
क्रांती चौकामागं मशीनवाल्या उस्तादांकडं हेड नेलं. वॉल्व आणि त्याची सीट नवीन बसवायची, वॉल्वचं गाइडही बदलायचं. जळका वॉल्व त्यांनी उजेडात फिरवला.
"टॅपेट इत्ते टाइट किने करे, साब? गला घोट दिया बेचारे का."
ज. चहा सांगायला गेलेला. मी म्हणालो, जुनी गाडी आहे, असेल कुणीतरी.
कुणीतरी.

१६ फेब्रुवारी, रविवार
सकाळभर वॉल्व घासले. पेस्ट लावायची, रबरी टोपीची काडी दोन तळहातांत रवीसारखी फिरवायची, उचलायची, पुसायची. तासाभरात वॉल्व आणि सीट दोन्हीकडं सलग राखाडी कडं उमटलं. पोर्टमध्ये रॉकेल ओतून अर्धा तास ठेवलं. थेंब गळला नाही.
स्वयंपाकघरात सुनंदाला सांगितलं. ती भाजी निवडत होती.
"मग त्याला सांगा."
"गाडी सुरू झाली की सांगतो."
"म्हणजे आधी उपकार, मग कबुली? शहाणेच आहात."
पेस्टचे हात धुवायला गेलो.

१९ फेब्रुवारी
स्टाफरूममध्ये ज.नं सगळ्यांना सांगून ठेवलंय, सरांसारखा माणूस मिळणार नाय म्हणून. दोघं येऊन स्वतःच्या गाड्यांचं विचारून गेले.

२३ फेब्रुवारी, रविवार
हेड बसवलं. इंजिन थंड, मॅग्नेटवरची टी खूण बरोबर समोर, म्हणजे पिस्टन पार वर, दोन्ही रॉकर मोकळे. फट इनटेकला ०.०५ मिमी, एक्झॉस्टला ०.१०. गेजचं पान किंचित ओढ लागून सरकायला हवं. चेकनट आवळताना स्क्रू जरासा फिरतोच. चार वेळा पुन्हा केलं. आकडे इथं लिहिले.
तिसऱ्या किकला सुरू. बारीक टिकटिक, हवी तशी.
ज.नं कान लावला. "सर, थोडं आवळा ना. आवाज येतोय."
"आवळलं की वॉल्व जळतो."
"मग तुमच्याकडून घेतली तवा कशी गप होती?"
सांगितलं. तुम्ही ऐकायला येणार होतात, त्या सकाळी मीच आवळले. वॉल्व त्यानंच जळला. पोत्याचा काही संबंध नाही.
त्यानं गाडी बंद केली. चावी काढून मुठीत धरली. मग म्हणाला, "सर, पंधरा दिवस मी अम्मीलाच बोलतोय. ती आता गाडीवर बसायला नाय म्हणती. डोळे दाखवायलाबी नाय आली."
मी माफ करा म्हणालो. त्यानं ऐकलं असावं. गाडी ढकलत फाटकापर्यंत नेली, तिथं किक मारली.

२४ फेब्रुवारी
लॅब वेळेवर उघडलेली. व्हर्नियर मोजलेले. "सलाम सर" नेहमीसारखा. त्यापुढं काही नाही.

१ मार्च, शनिवार
ज. दुपारीच सिल्लोडला गेला, शिपायानं सांगितलं. एसटीनं.
गाडी कॉलेजच्या शेडमध्ये उभी आहे. चावी माझ्या टेबलावर, फिलर गेजच्या डबीवर ठेवलेली. चिठ्ठी नाही.
हेडचं काम झालं की गाडी थोडी चालवून टॅपेट पुन्हा तपासावे लागतात, हे मीच त्याला सांगितलं होतं. त्यासाठी ठेवली असेल. किंवा गाडीच नको असेल.
चार वाजता शेडमध्ये गेलो. इंजिन गार होतं. झाकणं उघडून मोजलं. इनटेक ०.०५. एक्झॉस्ट ०.१०. काही हललेलं नाही.
चावी होती तिथं परत ठेवली. सोमवारी तो येईल.