उरलेला चुना

३ मार्च

बटाटे सोलता सोलता आई एकदम म्हणाली, "नोरीन, तुझ्या त्या नकाशांत पोरांच्या जागाही दाखवतात का गं?"

माझी सुरी थांबली. जुने नकाशे धुंडाळायचा माझा नाद तिला ठाऊक आहे. शहाऐंशी वर्षांची झाली, पण आजवर त्या बाळाबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नव्हता! मला जे ठाऊक आहे ते मावशीकडून — माझ्या आधी एक मुलगा झाला, पण रडलाच नाही. बाप्तिस्मा नाही म्हणून चर्चच्या आवारात जागा नाही; अशी पोरं बाहेर कुठंतरी वेगळी पुरायचे. संध्याकाळी बाबा लाकडी खोकं काखेत घेऊन निघाले, ते हात हलवत परत आले. कुठं ठेवलं हे त्यांनी सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही. आता बाबांना जाऊनही अकरा वर्षं झाली.

"डोळे मिटायच्या आत एकदा तिथं उभं राहायचंय," म्हणाली. आणि लगेच, "आच कमी कर, उतू जाईल."

४ मार्च

दिवसभर राग राग होतोय. पाद्रीबाबांचा, बाबांचा, आईचाही. इतकी वर्षं कसं गप्प राहवलं यांना?

१० मार्च

सापडलं! जुन्या नकाशावर, आमच्या ड्रमनाहातच, ओढ्याकाठी बारीक अक्षरांत — ‘लहानग्यांची दफनभूमी’. मला कुठला धीर! आईला गाडीत घालून नेलंच.

ती उतरलीच नाही. काचेतून बघत म्हणाली, "इथं नाही."

"कशावरून?"

"इथं तो रोज गुरं पाण्यावर आणायचा. शीळ घालत यायचा गं. पोराला पुरलंय तिथं बाप शीळ घालेल?"

गाडी वळवली. उगाच तिच्या जिवाला घोर लावला.

१८ मार्च

कासलबारच्या ग्रंथालयात गेले होते. तिथल्या ऊनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मलाच झापलं. "तुम्ही आता राहता ती जागा काय बघता? आपल्याकडचा बाप मूल नेतो ते आपल्या जुन्या माणसांत. तुमचं कॅफर्की घराणं मूळचं कुठलं, ते आधी शोधा."

मग १८५७ ची जमीन-आकारणी काढली. गाववार नावं — कूळ कोण, मालक कोण, जमीन किती. नावापुढे जो गट नंबर, तोच नकाशावर. ड्रमनाहात कॅफर्की एकही नाही! आम्ही इथलेच म्हणून मिरवायचो. डोंगरापलीकडे नॉकबेगात मिळाला — बार्टली कॅफर्की, गट नऊ, घर आणि जमीन. माझे खापरपणजोबा. पुढच्या फेरतपासणीत त्यांचं नाव लाल शाईनं खोडलंय. घरही गेलंय. जमीनदाराला तिथं मेंढ्या हव्या होत्या, असं बाईंनी सांगितलं.

आणि गट नऊच्या वरच्या कोपऱ्यात तुटक रेघेचं एक वेटोळं. तीच बारीक अक्षरं. मी तिथंच रडले. ऊनाबाईंनी रुमाल दिला.

१९ मार्च

नॉकबेग म्हटल्यावर आई खुर्चीत बसली.

"दर ईस्टरच्या आधी घराला चुना लावून झाला, की तुझा बाप उरलेली बादली घेऊन निघायचा. विचारलं तर म्हणायचा, गोठ्याला लावतो." मग म्हणाली, "आपल्या गोठ्याला कधी चुना बघितलास?"

नाही बघितला. नुसता काळा दगड.

२३ मार्च

जाऊन आलो. नॉकबेगची ती जमीन आता बाबांचे दोस्त मॅलकी रुआन यांची. ते घरी नव्हते, म्हणून फाटक आम्हीच उघडलं. चढावर आई दोनदा थांबली. खांदा देऊ केला तर हात झटकला — "मी चालत जाणार त्याच्याकडे."

काटेरी झुडपं, मधे गवतात बसके दगड. बिननावाचे, शेवाळलेले. एकच पांढरा.

पांढरा, आणि ताजा! अकरा वर्षांनंतर?

आईनं त्यावर हात ठेवला. बराच वेळ. बोटांना लागलेला चुना घरी येऊनही धुतला नाही. तशीच जेवली.

२४ मार्च

सकाळी मॅलकी आले. फाटकाची कडी उलटी लावलेली बघून ओळखलं म्हणे. टोपी हातात घेऊन दारातच उभे. आईला म्हणाले,

"मीच लावतो, डिलिया. जाताना त्यानं गळ्यात घातलं माझ्या. म्हणाला, ती विचारेल तेव्हा दाखव. अरे, आपणहून सांग ना, मी म्हटलं. तर म्हणे, तिला तो विषयच नकोसा आहे, नाहीतर एवढ्या वर्षांत एकदा तरी विचारलं असतं."

आई उठून दारापाशी गेली.

"आणि मी," म्हणाली, "तो सांगेल म्हणून थांबले."

मी चहाला आधण ठेवलं.